तरंगत्या फरशीला पाणी

कोरडी असताना फळीची जाडी बरोबर आठ मिलिमीटर होती. तिचा एक तुकडा चोवीस तास पाण्यात ठेवला, तेव्हा ती नऊ पूर्णांक तीन झाली. मी व्हर्निअर कॅलिपरने तीन ठिकाणी मोजली, सरासरी काढली आणि दिरांना फोन केला.

"सोळा टक्के फुगते," मी म्हणाले.

"वहिनी, ती बाथरूममध्ये बसवायची आहे. बादलीत बुडवायची नाही," पप्पूभाऊजी म्हणाले.

"बाथरूममध्ये पाणी असतं."

"माझ्या हॉलमध्ये दोन वर्षं झाली. एक फळी हललेली नाही."

"हॉलमध्ये अंघोळ करता का तुम्ही?"

त्यांना हसू आलं नाही. पुण्यातल्या कंपनीत पन्नास माणसं त्यांना सर म्हणतात. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला पप्पू म्हणणारं घाटनांदूरचं हे एकच घर उरलंय, आणि त्यात आम्ही दोघीच राहतो. मी आणि त्यांची आई, भिवराबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मी अंबाजोगाईच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, सकाळच्या एसटीने जाते, संध्याकाळी परत येते. मधला वेळ आत्याबाई एकट्या असतात.

अशाच एकट्या असताना डिसेंबरात त्या बाथरूममध्ये घसरल्या. अंघोळ झाली होती. दरवाज्याजवळ उभं राहून लुगडं नेसताना ओला पाय शहाबादी फरशीवरून सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. दीड महिना मी त्यांना खाटेवरच ओल्या फडक्यानं पुसून घेत होते. रोज त्या एकच वाक्य बोलायच्या: "मला काय बाळंतघरातलं पोर समजलीस?"

गेल्या रविवारी भाऊजींनी फोनवर निकाल दिला. "पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येतो. माय कुणी न धरता बाथरूममध्ये जाऊन बाहेर आली, तर राहू दे. नाहीतर मी घेऊन जाणार. तुम्ही दिवसभर कॉलेजात. परत पडली तर बघणार कोण?"

प्रश्न बरोबर होता. त्यामुळेच मला त्याचा राग आला.

आत्याबाई पुण्याला एकदा राहून आल्या होत्या. सहावा मजला, सतरा दिवस. परत आल्यावर म्हणाल्या, "दार वाजलं की आधी भोकातनं बघत्यात, मग उघडत्यात. आपल्याला न्हाई जमायचं." त्यानंतर पुण्याचा विषय निघाला की त्या दुसऱ्या खोलीत जायच्या. आता वॉकरमुळे जाता येईना, म्हणून नुसतं तोंड फिरवायच्या.

तर भाऊजींनी उपायही पाठवला होता. त्यांच्या हॉलच्या कामातून उरलेले लाकडी फरशीचे दोन खोके सोमवारी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आले. लाकडी म्हणजे दाबलेला भुसा आणि त्याच्यावर सागवानाचं चित्र. फरशी थंड असते, लाकूड उबदार असतं, फरशीवर माणूस पडतो, लाकडावर पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. बसवायची पद्धत फ्लोटिंग. म्हणजे खाली फोमची पातळ चादर, तिच्यावर एकमेकींत अडकवलेल्या फळ्या. खिळा नाही, डिंक नाही.

मी खूप विचार केला. नाही म्हटलं असतं तर रविवारी ते म्हणाले असते, मी सामान पाठवलं, तुम्ही बसवलं नाहीत, चला माय. म्हणून मधला मार्ग काढला. आमचं बाथरूम लांबट आहे, आठ फूट बाय पाच. पलीकडे नळ, बादली, पाणी जायची जाळी. अलीकडे दरवाजा. लाकूड फक्त दरवाज्याकडच्या चार फुटांत, जिथं त्या कपडे घालतात. मध्ये प्लास्टिकचा जाड पडदा. लाकूड कोरडं ठेवलं तर टिकेल. मी कागदावर आकृती काढली, मापं लिहिली आणि शहादेव मिस्त्रीला बोलावलं.

शहादेव मिस्त्रीने आमच्या गावातली निम्मी घरं बांधली आहेत. बुधवारी सकाळी तो आला, खोका उघडून एक फळी हातात घेतली, वाकवून बघितली, वास घेतला.

"चिकटवायचं कशानं, मॅडम?"

"चिकटवायचं नाही."

"मग खिळं मारायचं?"

"खिळेही नाहीत."

"मंग ती ऱ्हाती कशानं?"

"एकमेकींत अडकून. जमिनीवर नुसती ठेवलेली असते. तरंगती फरशी म्हणतात तिला."

"तरंगती." त्यानं बादलीतल्या पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, तीस वर्षं फरशी बसवतोय. फरशी जराशी हालली तरी लोक घरी येऊन शिव्या देत्यात. तुमी म्हणताय, हालायलाच पायजे."

"हलायला जागा पायजे. हवेतल्या ओलाव्यानं ती फुगते. म्हणून भिंतीपासून चहूकडे आठ मिलिमीटर फट सोडायची."

"फट?"

"पेन्सिलीएवढी."

मी खरोखरच पेन्सिली आणल्या होत्या, दहाचा एक डबा. फळी आणि भिंत यांच्यामध्ये एकेक पेन्सिल आडवी ठेवायची, म्हणजे फट सगळीकडे सारखी राहते. मिस्त्रीनं त्या पेन्सिलींकडे असं बघितलं, जसं मी त्याला बालवाडीत बसवलंय.

"फट ठिवली तर लोक काय म्हणतील? म्हणतील, शहादेवला फरशी मापात कापता यीना."

"लोक आमच्या बाथरूममध्ये येत नाहीत."

"आज न्हाई येत. उद्या कुणी आलं तर?"

खाटेवरून आत्याबाई ओरडल्या, "आरं शाद्या, ती म्हणती तसं कर. शिकलेली हाय ती. तुज्यासारखी भिंतीला वळंबा लावून मोठी झाली न्हाई."

"तुमचंच घर म्या बांधलंय, काकू."

"म्हून तर म्हणते."

साडेअकरापर्यंत सगळ्या फळ्या बसल्या. खरं सांगायचं तर काम सुरेख झालं होतं. फळ्यांचे सांधे दिसत नव्हते, चहूकडे पेन्सिली होत्या, फट एकसारखी. मिस्त्रीला मी तीन वेळा सांगितलं: आता काही करायचं नाही. पेन्सिली संध्याकाळी मी काढीन. दार लावून घ्यायचं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, दुपारची तुकडी माझ्याकडे होती. मी बाराची एसटी पकडली.

संध्याकाळी परत आले तर दहा पेन्सिली खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं मांडलेल्या होत्या, धुऊन, टोकं एकाच दिशेला. आणि फट नव्हती. चहूकडे पांढरं सिमेंट भरलं होतं, बोटानं फिरवून, इतकं सफाईदार की मला पहिल्यांदा समजलंच नाही आपण कशाकडे बघतोय. कडेची जमीन जराशी ओली होती. मला वाटलं, सिमेंटचीच असेल.

मी आवाज चढवत नाही. चढवला की पुढचा शब्द सुचत नाही. मी मिस्त्रीला फोन केला आणि विचारलं, फट का भरली.

"उघडी चांगली दिसंना, मॅडम. मनाला लागलं. पैसं न्हाई मागत त्याचं."

"ते काढायला लागेल."

"काढतो की. उद्या परगावी लग्नाला चाललोय. शुक्रवारी येतो."

गुरुवारी मी सकाळी सहाला गेले आणि अंधार पडल्यावर आले. दिवसभर मुलं परीक्षानळीत नको ते ओतत होती, बाहेरून आलेले परीक्षक चहा मागत होते. घरी आल्यावर बाथरूमचं दार बंद होतं, कडी लावलेली. माझी अंघोळ ते काम सुरू झाल्यापासून मागच्या मोरीवरच होती. मी दार उघडलं नाही. उघडायला हवं होतं.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी घरी आले तर बाथरूमचं दार सताड उघडं. आत लाकडी फरशीवर पोती अंथरलेली, ज्वारीची, तीन. पोती ओलीगच्च. दरवाज्याच्या तोंडाशी मातीचा बोटभर उंच बांध घातलेला, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. फळ्यांवर पाणी साचलं होतं. आणि मधोमध, पोत्यांखाली काहीतरी उंच झालं होतं, जसं अंथरुणात कुणी गुडघे वर करून झोपलंय.

आत्याबाई वॉकर धरून शेजारी उभ्या होत्या. वॉकरच्या दांडीला सुतळीनं पितळी चरवी बांधलेली होती.

"आलीस? बरं झालं. दुपारचं पाणी झालं. सांजचं तेवढं तू मार."

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"पाणी मारलं. कावून?"

"कुणी सांगितलं?"

"शाद्यानं. जाताना म्हणला, काकू, सिमेट नवं हाय, पाणी मारा. आता त्यो सांगाया कशाला पायजे? नव्या कामाला पाणी लागतंच. ह्ये घर बांधलं तवा एकवीस दिस म्याच पाणी मारलंय, विहिरीवरनं आणून. सांग बरं, एक तडा हाय का कुठं?"

नव्हता. या घराला कुठंही तडा नाही.

"पण हे लाकूड आहे."

"वरनं लाकूड. खाली कामच हाय की." मग त्यांनी जरा आवाज खाली केला. "रविवारी पप्या येणार. त्येच्या आधी पक्कं व्हायला नको व्हय?"

मी स्वयंपाकघरात गेले. पाण्याचा पिंप बघितला. आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. सोमवारी भरलेला पिंप तळाला गेला होता. चरवीत दीड लिटर पाणी बसतं.

"एका वेळी किती चरव्या टाकल्या?" मी स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"अकरा. सकाळ, दुपार, सांज."

तेहेतीस चरव्या. दिवसाला जवळजवळ पन्नास लिटर. पिंपापासून बाथरूम बावीस फूट, म्हणजे जाऊन-येऊन चव्वेचाळीस. मोडलेल्या खुब्यानं ही बाई, भरलेली चरवी वॉकरला लटकवून, रोज साडेचारशे मीटर चालली होती. डॉक्टरांनी शंभर पावलं सांगितली होती, तीही धरून. मी एक पेला घेतला आणि घासला. तो स्वच्छच होता. परत घासला.

"काय झालं गं?" बाहेरून आवाज आला. "कमी पडलं का पाणी?"

मिस्त्री पाच वाजता आला. पोती उचलली. फळ्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या, आणि भिंतीकडे सरकायला जागा नसल्यामुळे मधली ओळ डोंगरासारखी उभी राहिली होती. सागवानाचं चित्र कोपऱ्यातून सुटून गुंडाळलं गेलं होतं. पांढरं सिमेंट मात्र झकास पिकलं होतं. एक चीर नाही.

"काकू, म्या नुसतं कडेच्या सिमेटला मारा म्हणलं होतं. बोटानं शिपडायचं."

"मंग तसं सांगायचं की, भाड्या! पाणी मारा म्हणलास. पाणी बोटानं मारत्यात?"

"आता चूक झाली, काकू."

"मेल्या, तुजी चूक झाली, आन जायाचं मला पडतंय पुण्याला."

आत्याबाई खाटेवर बसल्या आणि चरवीची सुतळी सोडायला लागल्या. गाठ ओली होती, सुटेना. मी पुढे झाले तर हात बाजूला केला.

तरंगत्या फरशीचा एकच गुण त्या दिवशी कामी आला. ती कशालाच चिकटलेली नसते. मिस्त्रीनं कडेचं सिमेंट फोडलं आणि वीस मिनिटांत सगळ्या फळ्या उचलून अंगणात रचल्या. खाली जुनी शहाबादी फरशी, काळी, गुळगुळीत, ओली. मी गुडघ्यावर बसून तिच्यावर नख ओढलं. नखात पांढरट, मऊ, मेणासारखा थर आला.

तो काय आहे हे मला माहीत होतं. नळाला येतं त्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, साबणात स्टिअरेट, दोन्ही मिळून न विरघळणारी साय. अकरावीला दरवर्षी मी हे फळ्यावर लिहिते. खाली रेघ मारते आणि सांगते, घरी जाऊन बघा. घरी जाऊन मी बघितलं नव्हतं. मी फळी मोजत होते.

"ही साय खरवडून काढू," मिस्त्री म्हणाला, "आन वरनं छिन्नीनं टाकी मारतो. पाट्याला मारत्यात तशी, बारीक बारीक. मंग पाय धरतंय दगडाला. आडवी मारायची, पाणी जाळीकडं जातंय."

"किती वेळ लागेल?"

"दोन तास."

"शहादेवभाऊ, हे बुधवारी का नाही सांगितलंत?"

तो खरोखर चकित झाला. "तुमी इचारलं कुठं? तुमी म्हणलात, तरंगती पायजे."

यावर बोलण्यासारखं होतं का, हे मी अजून ठरवते आहे.

शनिवारी सकाळी त्यानं साय खरवडली आणि टाकी मारली. टक टक टक टक, दोन तास बारा मिनिटं. संपल्यावर मी फरशी ओली केली, तिच्यावर साबण चोळला आणि ओल्या पायानं उभी राहिले. पाय जिथं ठेवला तिथं राहिला. मग आत्याबाई गेल्या. मी बाहेर उभी, हात पुढे, पण धरलेलं नाही. त्या आत गेल्या, स्टुलावर बसल्या, पायावर पाणी घेतलं, उठल्या, दरवाज्याशी आल्या. परत आत गेल्या, परत आल्या. पाच वेळा.

रविवारी अकरा वाजता गाडी आली. मागच्या सीटवर दोन उश्या, एक दुलई आणि कमरेचा पट्टा. भाऊजी उतरले, आणि अंगणात रचलेल्या फळ्यांपाशीच थांबले. एक उचलली. तिचा कोपरा त्यांच्या हातात सुटून आला.

"हे काय झालं?"

आत्याबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हातातली सुपारी अडकित्त्यात धरलेली होती, ती कातरली नाही.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात तेहेतीस चरव्या होत्या, चरवी लटकवलेला वॉकर होता, घरात कुणी नसताना ओल्या फरशीवर दोन दिवस फिरणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बाई होती. ते वाक्य ऐकल्यावर त्यांनी आईला उचलूनच गाडीत ठेवलं असतं. आणि माझ्याकडे तर कागद होता. आठ पूर्णांक शून्य, नऊ पूर्णांक तीन, सोळा टक्के, तारीख, सही.

"माझं गणित चुकलं," मी म्हणाले. "फट कमी सोडली."

त्यांचा चेहरा उजळला. इतका उजळला की मला त्यांचा राग येण्याऐवजी थकवा आला.

"बघा! मी म्हणालो होतो ना? लई शास्त्र लावत बसलात की असं होतं. बसवायला सोपं आहे हो ते. पण तुम्ही मोजत बसणार!" पुढची दहा मिनिटं ते मला फट कशी सोडायची ते सांगत होते. आठ मिलिमीटर. पेन्सिल ठेवायची. ही युक्ती त्यांच्या कारागिराची. मी मान हलवत होते. खाटेवरून अडकित्त्याचा कट्ट असा आवाज आला.

"झालं का तुजं?" आत्याबाई म्हणाल्या. "आता हिकडं बघ."

वॉकर धरून त्या उठल्या, बाथरूममध्ये गेल्या. पायांवर दोन तांबे ओतून घेतले, वर साबणाची वडी फिरवली. मग फेसाच्या पायांनी त्या जाळीपासून दरवाज्यापर्यंत चालत आल्या. सावकाश, एकेक पाऊल दाबून. भाऊजी पुढे धावले.

"माय, हळू!"

"हात लावू नको. धरलंस तर मोजत न्हाईत."

भाऊजींनी बूट काढले, मोजे काढले, स्वतः आत गेले. पाय घासून बघितला, टाच रेटून बघितली. कंपनीतल्या माणसानं दिलेलं काम तपासावं तसं दोनदा. दगडाच्या टाकीवर बोट फिरवून म्हणाले, "हे तर पाट्यासारखं आहे."

"व्हय. शाद्यानं केलंय."

बाहेर आल्यावर त्यांनी कमरेचा पट्टा गाडीतून आणून खाटेवर ठेवला, "हा असू दे," म्हणाले. जेवून तीन वाजता निघाले. उश्या आणि दुलई मागच्या सीटवर तशीच. काच खाली करून म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे बाल्कनीची कृत्रिम हिरवळ उरली आहे. पायाला मस्त लागते. पाठवून देतो, बाथरूमला—"

"बरं," मी म्हणाले.

गाडी वळली. मी परत आत आले तर आत्याबाई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या, टाकी मारलेल्या दगडाकडे बघत.

"तुजं गणित चुकत न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मंग ठीक हाय." त्यांनी पायाचा अंगठा दगडावरून फिरवला. "वनमाला, नवं काम हाय. ह्येला किती दिस पाणी मारायचं?"

दगडाला पाणी मारत नाहीत, हे मी सांगणार होते. ओठावर आलं होतं. मग मला ते साडेचारशे मीटर आठवले.

"सात दिवस," मी म्हणाले. "पण चरवी अर्धीच भरायची. आणि मी घरी असताना."